खवल्याला नापाक म्हणू नका

जेट्टीवरून थेट असरच्या नमाजला आलेल्या एका खलाशाला परवा एका शिकलेल्या गृहस्थांनी सफेतून मागे सारलं. त्यांचं म्हणणं असं : मासळीच्या वासाचा माणूस नापाक, खाऱ्या पाण्याचा वजू कच्चा, त्या कपड्यांवर नमाज होत नाही, आणि जयगडात पाकी कुणाला कळतच नाही. मला तेव्हा संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

घाण आणि नजासत या मुळातच वेगळ्या गोष्टी. चिखल घाण असेल, पण तेवढ्याने नजस होत नाही. दारू काचेसारखी नितळ असली तरी आपल्या शाफई मजहबात नजस. काय नजस ते शरियतने ठरवून दिलंय, तिथे नाकाला विचारत नाहीत.

आता खारं पाणी. पैगंबरांना एका माणसाने विचारलं होतं : आम्ही दर्यात जातो, गोडं पाणी थोडंच नेतो, त्याचा वजू केला तर तहानेने मरू, मग समुद्राच्या पाण्याने चालेल का? उत्तर मिळालं, त्याचं पाणी पाक करणारं आहे, आणि त्यात मेलेलं हलाल आहे. तिरमिजी आणि अबू दाऊद, दोघांच्या संग्रहांत ही हदीस आहे. विचारणाऱ्याची अडचण आमच्या तांडेलाची रोजची. बोटीवर कॅनमधलं गोडं पाणी पिण्याला आणि भाताला पुरवायचं, वजूला डोल खाडीत सोडायचा. विचारलं होतं फक्त पाण्याचं. मेलेल्या मासळीचा निकाल उत्तरात न मागता आला. आणि शास्त्री नदीच्या मुखाशी राहून हेच आम्हाला ठाऊक नाही म्हणे!

त्या खलाशाच्या कोपराजवळ सुरमईचा खवला चिकटला होता. वजू करताना त्याने तो नखाने खरवडून काढला, मी शेजारीच होतो. खवला नापाक म्हणून नव्हे. त्याच्याखाली पाणी पोचलं नाही तर वजू अपुरा राहतो म्हणून. कुणाला पाकी कळते, ते तिथेच दिसलं.

रक्ताचं मात्र लपवत नाही. माशाचं रक्त हनफी पाक धरतात. आपल्याकडे नजस हेच बळकट मत आहे. पण थोडक्या शिंतोड्यांना माफी आहे. सदरा भिजलाच असेल तर बदलावा, माणूस नापाक होत नाही.

कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, हा त्या गृहस्थांचा शेवटचा आधार. तो अदबीचा नियम. लसणाला कुणी नजस म्हटलेलं नाही.

आमच्या मशिदीतल्या वजूच्या हौदाचा मागचा वादही असाच होता. सगळे हात घालतात म्हणून पाणी नापाक, असं तेव्हा ऐकवलं गेलं. दोन कुल्ला, म्हणजे साधारण 200 लिटरवर पाणी असेल, तर रंग, चव किंवा वास नजासतीने बदलल्याखेरीज ते नापाक होत नाही. हौदात त्याच्या कितीतरी पट पाणी होतं. तरी महिनाभर भांडण चाललं.

वासाचा त्रास होतो हे मला मान्य आहे. त्यासाठी नळापाशी साबण ठेवावा, खुंटीवर दोन-तीन धुतलेल्या लुंग्या आणि सदरे असावेत. येत्या जुम्म्याला माझ्या घरची एक जोडी आणून टांगतो.