दोष घरातला की बाहेरचा?

टेलिफोन खात्यात होतो तेव्हा १९८ वर तक्रार आली की टेस्ट डेस्कवरचा माणूस आधी लाइन तपासायचा. दोष एक्स्चेंजमध्ये, रस्त्याखालच्या केबलमध्ये की ग्राहकाच्या घरात, हे ठरल्याशिवाय लाइनमनची सायकल हलत नसे. आता सोसायटीतले लोक मला बोलावतात ते डिशच्या सेट-टॉप बॉक्ससाठी. "काका, टीव्हीवर नेट येत नाही." डीटीएचवाले सांगतात, नेटवाल्याला विचारा. नेटवाला सांगतो, आमच्याकडून सगळं ओके आहे. गंमत म्हणजे दोघेही बहुधा खरं बोलत असतात. बिघाड असतो राउटर आणि बॉक्स यांच्या मधल्या दहा-पंधरा फुटांत, आणि तेवढ्या जागेला कुणी वालीच नाही.

या बॉक्समध्ये दोन वाटांनी माल येतो. वाहिन्या येतात गच्चीवरच्या डिशमधून, ॲपवरचे सिनेमे येतात वायफायवरून. उपग्रहाचा सिग्नल साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचा, मुसळधार पाऊस त्याला अडवतो. घरातल्या वायफायला पावसाचं सोयरसुतक नाही. तरी जुलैत नेट गेलं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी डिशकडेच बोट दाखवतात. त्यांना काय बोलणार? पडद्यावरचा संदेशच इतका गुळमुळीत असतो की वाहिनी गेली की नेट, तेच कळत नाही.

मी गेलो की आधी एखादी वाहिनी लावून बघतो. ती दिसली म्हणजे डिश सुटली. मग मोबाइल बॉक्सला टेकवून त्याच वायफायवर व्हिडिओ लावतो. तोही अडखळला तर राउटर किंवा त्यामागची लाइन. मोबाइल सुरळीत आणि बॉक्स रुसलेला, तर मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करून बॉक्स त्याला जोडतो. जोडला गेला, तर बॉक्स धडधाकट आहे, फक्त राउटरशी त्याचं जमत नाही.

न जमण्याची कारणंही ठरलेली. कित्येक बॉक्सना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. नवे राउटर २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव देतात. मोबाइल झटकन ५ पकडतो आणि बॉक्स चाचपडत राहतो. दोन्हींना वेगळी नावं दिली की निम्मी भांडणं मिटतात. राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए-३ ठेवलं असेल तर जुना बॉक्स पासवर्ड बरोबर असूनही आत येत नाही. तिथे डब्ल्यूपीए-२ चालू करावं लागतं. शिवाय आपल्याकडे बॉक्स टीव्हीच्या मागे कोंबतात आणि राउटर लोखंडी कपाटावर. मध्ये आरसीसीची भिंत. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर गर्दी करतात ते वेगळंच. चॅनल १, ६ आणि ११ एवढेच काय ते एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

यातलं काहीही न विचारता कस्टमर केअर सांगतं, "सर, फॅक्टरी रिसेट करा." याचा मला खरा राग आहे. लोक बॉक्सऐवजी राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसतात. बऱ्याच फायबर जोडण्यांत नेटचं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच भरलेलं असतं. ते पुसलं जातं. मग टीव्हीचं राहू द्या, घरातलं सगळंच नेट जातं आणि तंत्रज्ञाची वाट बघत बसावं लागतं.

बॉक्सच्या पाठीला लॅनचं पोर्ट असेल तर मी सरळ वायर ओढतो. सूनबाई लोक कुरकुरतात, भिंतीवर वायर बरी दिसत नाही. मान्य. पण नव्या इमारतींत बिल्डर टीव्हीच्या जागी डिशची केबल काढून ठेवतो, त्याच पाइपातून लॅनची वायर घालायला त्याला कितीसा खर्च येतो?

डिश बसवायला आलेल्या पोराकडून कंपनीने वायफायही जोडून घ्यावं. इन्स्टॉलेशनचे पैसे आपण मोजतोच. हेल्पलाइनवर रिसेटच्या आधी हॉटस्पॉटची चाचणी सक्तीची करावी. आणि पडद्यावर 'नेटवर्क एरर' हे बिनकामाचं वाक्य येतं, त्या जागी दोन वेगळे मराठी संदेश द्यावेत: 'राउटर सापडत नाही' किंवा 'राउटर सापडला, पुढे इंटरनेट नाही'. दोन्हींतला फरक बॉक्सला आतून कळत असतोच. तो आजींनाही कळला, तर कुणाला फोन लावायचा ते त्या माझ्याशिवाय ठरवतील.