माथेरानच्या गाडीला खेळणं म्हणू नका!

"कार थेट बाजारापर्यंत जायला हवी राव!" माथेरानचा विषय निघाला की आम्हा पुणेकरांत हे वाक्य हमखास येतं. कर्जतला उतरा, लोकलने नेरळ गाठा, नाहीतर दस्तुरी नाक्यावर कार ठेवून चाला... कोण करणार एवढं? मला विचाराल तर ज्या दिवशी कार बाजारात पोचेल, त्या दिवशी माथेरान संपेल.

जरा इतिहास बघा. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले. मागोमाग साहेबांचे, शेठजींचे बंगले आले. रेल्वे मात्र आणली सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधली. दोन फुटी रूळ, जेमतेम २० किलोमीटर, पण वर जायला दोन तासांच्या पुढेच.

आणि हा उशीरच गावाचा पोशिंदा! पोचायला एवढा वेळ लागतो म्हणून माणूस मुक्काम करतो. रग्बी, लॉर्ड्स सेंट्रल अशी जुनी हॉटेलं त्यावरच उभी राहिली. ऐसपैस व्हरांडा, दोन्ही वेळचं जेवण भाड्यातच, बाहेर लाल माती. अमन लॉज हे तर चक्क स्टेशनचं नाव! कार वर गेली की लोक तासभर पॉइंट बघून, भजी खाऊन परत. मुक्काम कशाला करतील? पटत नसेल तर पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर जाऊन या.

"तिथल्या लोकांनी हालच काढायचे का?" प्रश्न रास्त आहे. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा जायलाच हवी. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ई-रिक्षा असाव्यात, त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हातात असाव्यात. पण पर्यटकाच्या कारचा त्याच्याशी काय संबंध?

माझा राग आहे तो 'टॉय ट्रेन' या शब्दावर. खेळणं मोडलं तर घाई कुणाला असते? २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला, गाडी २००७ ला आली. २०१९ च्या पावसात पुन्हा वाताहत झाली, नेरळपासून गाडी सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मुंबई-पुणे मार्ग तीन वर्षं बंद ठेवून बघा बरं!

तेव्हा मंडळी, रस्ता मागण्याऐवजी गाडी मागा. आणि गेलात तर एक रात्र तरी राहा.