चिखलातील सेवा

आमचे पिंपळे गुरव पवना नदीच्या काठी वसलेले आहे. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. म्हणून येथील काही मुले एकदा ठाण्याच्या खाडीवर खारफुटीची झाडे लावावयास निघाली, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. मीही त्यांच्यासमवेत गेलो होतो. आपल्या हाताने एक तरी रोप लावावे, अशी प्रत्येकाची इच्छा होती. परंतु तेथील वनरक्षकाने रोपांऐवजी हातमोजे व रिकामी पोती पुढे केली आणि म्हटले, "आज प्लास्टिक काढायचे आहे." मुलांचे चेहरे उतरले. मला मात्र वाटते, की त्या दिवशी त्यांना सेवेचा खरा धडा मिळाला.

असे मी का म्हणतो? त्यासाठी प्रथम खारफुटीची ओळख करून घेतली पाहिजे. भरती-ओहोटीच्या ज्या खाऱ्या चिखलात इतर झाडे तग धरीत नाहीत, तेथे ही वाढते. त्या चिखलात हवा फार थोडी असते. म्हणून तिवराची मुळे पेन्सिलींसारखी वर येऊन श्वास घेतात. अंगात शिरलेले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि मग खाली पडते. अशा वनांच्या मुळांत मासे, कोळंबी व खेकडे यांची पिले वाढतात, आणि त्यांवर कोळ्यांची घरे चालतात. 1999 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आले. त्या वेळी ज्या गावांपुढे खारफुटीचे दाट वन होते, तेथे प्राणहानी कमी झाली, असे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्र शासनाने 2012 साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि 2020 साली पांढऱ्या चिप्पीस राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तो उगाच नव्हे.

कोणी म्हणेल, "झाड इतके उपकारक आहे, तर जागोजागी लावीत सुटावे!" परंतु हा उत्साह आंधळा ठरू शकतो. फिलिपीन्स देशात पुष्कळ रोपे अशा जागी लावली गेली, की जेथे ती मुळात वाढतच नव्हती. त्यांतील बहुतेक मेली. काही ठिकाणी तर सागरी गवताच्या कुरणांतच ती खोवली गेली. समुद्राच्या उथळ पाण्यातील हे गवत कासवांचे खाद्य आणि लहान माशांचा आसरा. एक वन वाढवावयाचे म्हणून दुसरे कुरण तुडवावे, ही कोठली सेवा?

याउलट, जवळपास जुनी झाडे असली आणि भरतीचे पाणी मोकळेपणाने येत असले, तर बी वाहत येऊन आपोआप रुजते. पण मुळांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, की झाडाचा श्वास कोंडतो आणि कोवळे रोप दबून जाते. जेथे वन तुटले आहे आणि बी येण्याचा मार्ग उरला नाही, तेथे जाणत्यांच्या सल्ल्याने रोपे अवश्य लावावीत. परंतु इतरत्र अडथळा दूर करणे हीच खरी लागवड होय.

परतीच्या वाटेवर एका मुलाने विचारले, "गुरुजी, आपल्या पवनेच्या काठीसुद्धा अशीच पोती भरतील का?" त्या प्रश्नाने सारी सहल सार्थकी लागली. पवना मुळेस मिळते, मुळा-मुठेचे पाणी भीमेत जाते, भीमा कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. त्या मुखाशीही खारफुटीची वने आहेत. आपण पुलावरून फेकलेली पिशवी वाटेत एखाद्या धरणात अडेल, कोणाच्या शेताच्या बांधावर अडकेल. पण ती नाहीशी मात्र होणार नाही.

मुलांनो, खाडीवर जाण्याची संधी मिळाली तर अवश्य जा. मात्र आपल्याला काय करावयास आवडते हे तेथे सांगू नका. तेथे कशाची गरज आहे, ते विचारा. रोप लावणारा हात सर्वांस दिसतो, चिखलातून पिशवी उपसणारा सहसा दिसत नाही. तरीही पुढच्या भरतीबरोबर वाहत येणाऱ्या बियांस जागा मिळते, ती त्या दुसऱ्या हातामुळेच. आणि असा हात लावावयास आपल्या गावची नदी तर रोजच समोर आहे.