आगळ, मिरी आणि ज्येष्ठांची औषधे

हर्णे बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटोपला की घरोघरी कालवणाची तयारी सुरू होते. बांगड्याच्या कालवणात आमसुले आणि तिरफळे पडतात. जेवणाच्या शेवटी आगळ, नारळाचे दूध, जिरे आणि लसूण यांची सोलकढी येते. फळ आणि मसाला यांचा हा मेळ कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. आता हेच पदार्थ ‘अर्क’ म्हणून गोळ्यांत आणि बाटल्यांत मिळू लागले आहेत. म्हणून ज्येष्ठांनी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनी ताटातला घास आणि बाटलीतला अर्क यांतील भेद ओळखणे अगत्याचे आहे.

कोकमाच्या सालीत आंबटपणा देणारे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, लाल रंग देणारी अँथोसायनिने आणि गार्सिनॉल ही द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत त्यांचे गुण आशादायक दिसले आहेत. परंतु परीक्षानळीतील गुण म्हणजे रुग्णाला आलेला उतार नव्हे. उन्हाळ्यात तरतरी आणणारे आणि तोंडाला चव देणारे पेय म्हणून कोकमाचे मोल निर्विवाद आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांवरील औषधाची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

मसाल्यांमध्ये मिरीची गोष्ट निराळी आहे. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील पिवळे द्रव्य, दिले. सोबत मिरीतील पायपरीन अवघे २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा कर्क्युमिनचे शरीरातील शोषण सुमारे वीसपट वाढले. जे हळदीच्या बाबतीत घडते, ते औषधांच्या बाबतीतही घडू शकते. प्रोप्रानोलॉल, थिओफिलीन आणि फेनिटॉइन या औषधांचे रक्तातील प्रमाण पायपरीनमुळे वाढल्याचे अभ्यासांत आढळले आहे. तरुणाला जे सोसते, ते पाच-सहा गोळ्या रोज घेणाऱ्या आजोबांना सोसेलच असे नाही.

आपल्या पूर्वाचार्यांना याची जाण होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळावा असे सांगितले आहे. पिंपळीत मिरीप्रमाणेच पायपरीन असते, आणि लवण तर आपल्या आगळाच्या बाटलीतच आहे. आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाच्या पोटात दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आगळ चमच्याने मोजूनच घ्यावे व सोलकढीत वरून मीठ घालू नये. अमृत कोकमात मिठाऐवजी साखरेचा पाक असतो. मधुमेहींनी ते टाळलेले बरे. बिनमिठाची सुकी सोले पाण्यात भिजवून केलेले सार दोघांनाही अधिक सोयीचे.

हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतील तज्ज्ञांनी केली आहे. त्यांपैकी काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. फोडणीतील चिमूटभर हळदीला भिण्याचे यात काही कारण नाही.

सेवा करणाऱ्यांनी एवढे करावे. घरातील अर्क, चूर्ण व काढे यांची नावे औषधांच्या यादीतच लिहावीत आणि ती यादी प्रत्येक भेटीत वैद्यांना किंवा डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ करणारी, फेफऱ्याची वा हृदयाची औषधे चालू असल्यास विचारल्याशिवाय कोणताही अर्क सुरू करू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी सांगावे. डोळे वा लघवी पिवळी दिसू लागली, अन्नावरची वासना उडाली, तर अर्क तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आजीला सोलकढीची वाटी प्रेमाने द्यावी. बाटलीतला अर्क देताना मात्र आधी विचारावे, मगच द्यावा.