ट्यूबची पट्टी

नगरच्या बाहेर कुठल्याही रस्त्याने निघा, मनमाडचा घ्या, पुण्याचा घ्या, पाथर्डीचा घ्या, थोड्या थोड्या अंतरावर एक कमान लागते. कमानीवर देवाचं नाहीतर कुणाच्या तरी आजोबांचं नाव आणि पुढे ‘लॉन्स’. आपल्याकडे लॉन्स म्हणजे लग्न. ‘लग्न कुठंय?’ ‘लॉन्सवर.’ ज्या जिल्ह्यात मे महिन्यात गावंच्या गावं टँकरची वाट बघतात, तिथे दोन-दोन एकर हिरवळ राखायची हा आमचा शौक. त्यावर वेगळा लेख होईल. हा लेख ती हिरवळ कापणाऱ्या मशीनवर आहे, आणि त्या मशीनला बांधलेल्या सायकलच्या ट्यूबच्या एका पट्टीवर.

ती पट्टी मी बांधली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे इतरांवर जे तोंड सोडणार आहे ते कुठल्या तोंडाने सोडतोय हे तुम्हाला कळेल.

२०२१ चा पावसाळा. कंपनीने घरून काम करायला सांगितलेलं आणि माझ्या मामांचं लॉन्स लग्नांअभावी ओस पडलेलं. इंटरनेट मामांकडे बरं होतं म्हणून मी तिथेच ऑफिसच्या खोलीत लॅपटॉप मांडला होता. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोडिंगची, म्हणजे नेहमीचंच. लॉन्सवर एक काका कामाला होते, पन्नाशी ओलांडलेले. पाणी सोडायचं, खुर्च्या मोजायच्या, जनरेटर बघायचा, गवत कापायचं, सगळं तेच.

मशीन साधं होतं. चार चाकं, वर पेट्रोलचं इंजिन, पोटाखाली आडवं फिरणारं पातं, मागे हँडल. माणूस ढकलत मागून चालतो. हँडलला लागून एक बारीक दांडा असतो. तो हँडलबरोबर मुठीत दाबून धरला तरच इंजिन चालतं, सोडला की बंद. काकांची तक्रार अशी की दगड उचलायला थांबा, गवताची पिशवी रिकामी करायला थांबा, दर वेळी इंजिन बंद पडतं आणि मग दोरी आठ-दहा वेळा ओढावी लागते. ‘भाऊ, याचं कायतरी करा की. खांदा गेला माझा.’

मी पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, एक इंच रुंद पट्टी कापली आणि दांडा हँडलला करकचून बांधून टाकला. पाच मिनिटांचं काम. मामा म्हणाले, ‘शेवटी इंजिनिअर आहे!’ मी त्याचा व्हिडिओ काढून ‘देसी जुगाड’ असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला. बारा अंगठे आले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस उघडल्यावर, काका स्टेजजवळच्या उतारावर कापत होते. गवत ओलं, पायात स्लीपर. उताराच्या खालच्या बाजूला उभं राहून ते मशीन स्वतःकडे ओढत होते. पाय घसरला, ते खाली बसले आणि मशीन त्यांच्या उजव्या पायावर आलं. हात सुटले होते. सुटणारच. पडणारा माणूस सगळ्यात आधी हातातलं सोडतो, जमीन धरायला. तो दांडा याच एका गोष्टीवर आधारलेला आहे. आमचं मशीन मात्र हात सुटल्यावरही चालू राहिलं. मी खिडकीतून पाहिलं, तोवर दोन बोटं गेली होती.

दवाखान्याच्या बाकावर मामा पहिलं वाक्य बोलले ते हे: ‘लक्ष नव्हतं त्यांचं.’

माझं भांडण या वाक्याशी आहे. गेल्या काही वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं की मला पुढचे शब्द माहीत असतात. लक्ष नव्हतं. हलगर्जीपणा. आपल्या लोकांना अक्कलच नाही. मशीन कोणी घेतलं, कोणी जोडलं, कोणी बिघडवलं, कोणाच्या सोयीसाठी, हे कुठेच येत नाही. वाक्य सुरू होतं कामगाराच्या डोक्यापासून आणि संपतं त्याच्या पायाशी.

अमेरिकेत अशा मागून ढकलायच्या मशीनसाठी सरकारी नियम आहे. ३० जून १९८२ नंतर बनलेल्या मशीनचं पातं, हँडलवरचा हात सुटल्यापासून ३ सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. मला त्या नियमाच्या एका बारकाव्याने हलवून सोडलं. मूळ नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की दर वेळी दोरी ओढायचा कंटाळा आला की माणूस दांडा निकामी करणार. म्हणून त्यांची अट होती की दांड्याने इंजिनच बंद पडणार असेल तर ते परत चालू करायला दोरी नको, बटण किंवा किल्लीसारखी सोय द्या. कारखानदारांना ते महाग पडत होतं. १९८१ मध्ये तिथल्या काँग्रेसने सवलत दिली: दोरी चालेल, पण एक पर्याय म्हणून तिची मूठ हँडलच्या वरच्या टोकापासून २४ इंचांच्या आत आणा, म्हणजे माणसाला पात्याजवळ जावं लागणार नाही. पैशांपुढे तेही वाकले, पण निदान कुठवर वाकायचं याची चर्चा झाली. माझी पट्टी त्यांना मी बांधण्याच्या चाळीस वर्षं आधी दिसली होती. ‘अक्कल नाही’ म्हणून त्यांनी विषय सोडून दिला नाही. कंटाळा येणारच, असं धरून त्यांनी मशीन आखायला सांगितलं.

दांडा बांधलेला नसता तर काकांचा पाय वाचला असता का? मी हे स्वतःला खूप वेळा विचारलंय. आमच्या मशीनचं पातं १८ इंची, मिनिटाला साधारण ३००० फेरे. गुणाकार केला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाने नगरहून पुण्याला अर्ध्या तासाच्या आत पोचाल. त्यापुढे तीन सेकंद ही फार मोठी वेळ आहे. एक बोट कदाचित तरीही गेलं असतं. पण मागच्या बाजूला पाय आत जाऊ नये म्हणून एक जाड झडप असते. ओलं गवत तिथे अडकतं म्हणून ती आमच्याकडे आधीच काढून ठेवलेली होती, माझ्या येण्याच्याही आधी. झडप, दांडा, बूट, कापायची दिशा, कोरडं गवत. पाच आडोसे होते आणि पाचही आम्ही एकेक करून हटवले होते. मग उरलं काय, तर काकांचं लक्ष.

आता खरी गोष्ट. दिवाळीनंतर मुहूर्त सुरू होणार म्हणून मी ते मशीन खोललं. कार्बोरेटरच्या वाटीत पिवळा चिकट थर बसला होता, जुन्या वॉर्निशसारखा. लॉकडाऊनमध्ये महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल तसंच पडून राहिलं होतं. ते शिळं होतं, चिकट होतं आणि इंजिनात पेट्रोल सोडणारं बारीक भोक बुजवतं. वाटी स्प्रेने धुतली, प्लग बदलला, ताजं पेट्रोल घातलं. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. एका दुपारचं काम, पाचशेच्या आतला खर्च.

म्हणजे काकांच्या खांद्याची तक्रार खरी होती आणि तिचं कारण कार्बोरेटरमध्ये होतं. ते शोधायला डिग्री होती माझ्याकडे. मी लक्षण बांधून टाकलं. ऑफिसात कुणी एरर येते म्हणून एरर दाखवणारी ओळच काढून टाकली तर मी रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतो. लॉन्सवर मी तेच केलं आणि टाळ्या घेतल्या.

जुगाडाचं कौतुक मला तेव्हापासून सहन होत नाही. रील उघडा, दर पाचव्या रीलमध्ये कुणीतरी गार्ड काढलेल्या ग्राइंडरने नारळ सोलतोय नाहीतर मोटारसायकलच्या चाकावर कुट्टी करतोय, आणि खाली ‘इंडियन टॅलेंट’. परिस्थितीने गांजलेल्या माणसाने जगण्यासाठी केलेली युक्ती वेगळी, तिला माझा नमस्कार. पण ज्याच्याकडे पाचशे रुपये आहेत त्याने ते वाचवून दुसऱ्याचा पाय पणाला लावायचा, याला आपण टॅलेंट म्हणतो. व्हिडिओत जुगाड करणारा आणि पुढची दोन वर्षं ते मशीन चालवणारा एकच माणूस असतो का, एवढं एकदा विचारून बघा.

मशीन नीट लावणं यात कसलंही रॉकेट सायन्स नाही, म्हणून तर चीड येते. खोक्यातून निघालेलं नवं मशीन बहुतेक वेळा ऑइलविना येतं. तसंच चालू केलं की इंजिन जाम. सपाट जागेवर ठेवून ऑइल भरायचं आणि पट्टी बुडवून बघायचं. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार असताना, उघड्यावर; गरम सायलेन्सरवर थेंब पडला तर पेट घेतो. कापायची उंची बदलायची तीही इंजिन बंद करून. पात्याला हात लावायचा तर आधी प्लगची टोपी उपसून बाजूला करायची, कारण पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं आणि तेवढ्यावर ते पेटू शकतं. हे काकांना माहीत नव्हतं. तीन वर्षं ते अडकलेलं गवत टोपी न काढता बोटांनी उपसत होते, आणि काही झालं नाही ते केवळ नशिबाने. उतारावर आडवं कापायचं, वर-खाली नाही. मशीन पुढे ढकलायचं, अंगावर ओढायचं नाही.

आणि सगळ्यात आधी मैदान वेचायचं. लग्नानंतरचं लॉन कधी बघितलंय? मांडववाल्याचे खिळे, हारातली तार, फुटलेल्या बांगड्या, बाटल्यांची बुचं, लायटिंगच्या माळेचे तुकडे, आहेराच्या पाकिटांच्या पिना. हे सगळं त्या पात्याखाली गेलं की गोळीसारखं सुटतं. मैदान वेचायला दोन माणसांची दोन तासांची मजुरी लागते. एका लग्नाचं भाडं किती असतं ते ज्यांनी अलीकडे बहिणीचं लग्न केलंय त्यांना मी सांगायला नको. त्यात हजार-बाराशेचे बूट आणि दोन तासांची मजुरी बसत नाही म्हणणाऱ्या मालकाला हिशेब येत नाही असं नाही. त्याला तो नीट येतो.

हे लॉन्सपुरतं राहिलेलं नाही. राहुरीपासून संगमनेरपर्यंत कांद्यात, उसात, डाळिंबात मागून चालायचा पॉवर वीडर आलाय, आणि कितीतरी वीडरच्या क्लचला हीच ट्यूबची पट्टी मी स्वतः पाहिली आहे. तिथे खाली गवताचं पातं नसतं, माती उकरणारे फाळ असतात, आणि रिव्हर्स टाकला की ते चालवणाऱ्याच्या पायाकडे येतात. महाडीबीटीवर अर्ज करा, नंबर लागला तर यंत्राला अनुदान मिळतं. ते मिळावंच. पण अनुदानाच्या रकमेतले हजार रुपये बुटांसाठी आणि एक दिवस शिकवण्यासाठी राखून ठेवायला कुणाची हरकत आहे? राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, शिकवणारी माणसं जिल्ह्यातच आहेत.

‘ही अमेरिकेची चोचलं, आपल्याकडे कुठे असले कायदे’ असं मामा म्हणाले. आहेत. अमेरिकेचा नियम लागू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, आपल्या संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. शेती आणि ग्रामीण भागातल्या यंत्रांसाठी. तेव्हा गव्हाच्या मळणी यंत्रांत हात जात होते. त्याहून जुना १९२३ चा भरपाईचा कायदा, काकांच्या अपघाताच्या वेळी लागू असलेला. त्याच्या परिशिष्टात माणसाचं शरीर तक्त्यात मांडलं होतं: हाताचा अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरायचं, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. पायाच्या बोटांचेही आकडे होते. वाचताना पोटात ढवळतं. पण निदान तिथे ‘लक्ष नव्हतं’ एवढं म्हणून मालक सुटत नव्हता, आणि माणूस रोजंदारीवर होता म्हणूनही नाही.

मामांनी दवाखान्याचं बिल भरलं आणि वर वीस हजार दिले, ‘स्वखुशीने’. मी तो तक्ता छापून, काकांचं वय आणि पगार घालून हिशेब केला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. मामा म्हणाले, ‘तू कोणाच्या बाजूने आहेस?’ मामी काहीच बोलल्या नाहीत, कागद घडी करून फ्रिजवर ठेवला. निम्मे पैसे मी दिले, कारण पट्टी माझी होती. उरलेले निम्मे अजून ‘बघू’ आहेत.

काका आता गेटवर गाड्या लावून घेतात. मी मागच्या मेमध्ये गेलो तेव्हा हातात शिट्टी होती. म्हणाले, ‘भाऊ, मला भांडण नको. पण त्या नव्या पोराला बूट घ्यायला सांगा तुमच्या मामाला.’ नवा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, कानात इअरफोन, पायात स्लीपर. दांड्यावर पट्टी नव्हती, ती मी कापली होती. तिच्या जागी सुतळी होती.

या लेखाची लिंक मी फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे. वर सरकवत गेलं तर तो व्हिडिओ तिथे अजून आहे, बारा अंगठ्यांसकट. सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत कधीच उलटून गेली आहे.