चित्रातला डाग काय सांगतो?

‘सर, पॉझिट्रॉनचा व्यवहारात उपयोग काय?’ असे दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतेच. मी उत्तरादाखल एक पेचप्रसंग सांगतो.

मेंदूतील कर्काची गाठ शस्त्रक्रियेने काढली, मग किरणोपचार दिले. काही महिन्यांनी एमआरआय चित्रात त्याच जागी पुन्हा डाग दिसला. गाठ परतली, की किरणांनी मेलेल्या पेशींचा तो अवशेष? दोन्हींत रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपतात, म्हणून डाग सारखाच दिसतो. उपचार मात्र वेगळे. गाठ असेल तर पुन्हा झुंज; अवशेष असेल तर पुष्कळदा औषध देऊन वाट पाहणे पुरते.

अशा वेळी पेशींचा आहार पाहतात. कर्कपेशी साखर भराभर संपवतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. साखरेसारख्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरीन-१८ जोडला की तो पेशीत शिरतो आणि तेथेच अडकतो. फ्लोरीनमधून सुटलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो. दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन गॅमा फोटॉन विरुद्ध दिशांना धावतात. डोक्याभोवतीचे शोधक ते टिपतात. १९७६ साली फिलाडेल्फियात हा रेणू प्रथम माणसाला टोचला गेला.

प्रश्न सुटला? नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो ऊर्जा खातो सुमारे २० टक्के! निरोगी मेंदूच इतका झळकतो की लहान गाठ त्यात लपून जाते. शिवाय दाह झालेल्या जागी जमलेल्या संरक्षक पेशीही साखर घेतात. म्हणून आता अमिनो आम्लांचे किरणोत्सर्गी रेणूही वापरतात. निरोगी मेंदू ती कमी घेतो, गाठ जास्त. तरी चूक होऊ शकते. शंका उरली तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

यंत्र ‘गाठ’ दाखवत नाही. रेणू कोठे साठला एवढेच दाखवते. पुढचा अर्थ माणसाने लावायचा असतो. तापमापीसुद्धा ताप दाखवते, त्याचे कारण दाखवत नाही. आपल्या शालेय प्रयोगांत वाचन बरोबर आले की गुण मिळतात. उपकरणाने नेमके काय मोजले, आणि तेच वाचन आणखी कशामुळे आले असते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. शिक्षकांनी प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी हे दोन प्रश्न विचारावेत आणि त्यांना गुणही ठेवावेत. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होऊन असाच एखादा डाग पाहत बसेल, तेव्हा ही सवय एखाद्या रुग्णाची नको असलेली शस्त्रक्रिया वाचवील.