कुलवृत्तांतात नसलेली माणसं

वर्षभर एक गोष्ट सलत राहिली. आमच्या अंकाकडे कुलवृत्तांत येतात, घराण्यांचे इतिहास येतात. मूळपुरुष, वतनं, सनदा, लढाया, सगळं असतं. वाड्यात दळणकांडण करणारी, विकत घेतलेली कुणबीण नसते. तिला धन्यापासून झालेला लेकावळा तर नसतोच.

तो सापडतो हायकोर्टाच्या निकालांत. १८४३च्या पाचव्या कायद्यानंतर कंपनीच्या कोर्टांत माणसावरची मालकी चालेना. पण वारशाचा दावा आला की न्यायाधीश मिताक्षरा हा धर्मशास्त्राचा ग्रंथ उघडत. तिथे शूद्राच्या दासीपुत्राला वाटा होता, वरच्या तीन वर्णांत नुसतं अन्नवस्त्र. गुलामी तर कायद्याने संपलेली. तेव्हा एकाच पुरुषाने कायम ठेवलेली बाई दासीच्या जागी धरली गेली. १८७५मध्ये राही विरुद्ध गोविंद खटल्यात आईची पहिल्या नवऱ्यापासून सोडचिठ्ठी झालेली नव्हती, म्हणून मुलाला वारसा नाकारला. तीनच वर्षांनी सदू विरुद्ध बायजा खटल्यात औरस भावाच्या मागे मिळकत अनौरस सदूकडे आली. आईची निष्ठा आणि बापाचा वर्ण, एवढ्यावर लेकराचं पोट ठरत होतं. तिला या घरात आणलं कुणी, तिच्या कष्टाचं मोल काय, हे विचारायची कोर्टाला गरजच वाटली नाही. याचा मला संताप येतो.

तंजावरच्या भोसल्यांच्या मिळकतीचा खटला १९२४मध्ये मद्रास हायकोर्टात निकाली निघाला, तेव्हाही राजाच्या नाटकशाळांच्या, म्हणजे ठेवलेल्या बायकांच्या, मुलांच्या हक्कावरून घराण्याच्या वर्णाचा खल झाला आणि ते शूद्र ठरलं. तो निकाल आजही वर्णाच्या वादात पुढे केला जातो. त्या बायकांची विचारपूस फारसं कुणी करत नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वर्णभेद गेला, आणि त्याबरोबर दासीपुत्राचा बापाकडचा वाटाही गेला. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्दबातल विवाहातल्या मुलांना आईबापांच्या वाट्यात हक्क दिला. लग्नच न झालेल्या आईचं मूल बापाच्या वारशाच्या अजून बाहेरच आहे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे, आणि घर म्हटलं की त्यात राबलेली, त्यात जन्मलेली सगळी माणसं आली. तुम्ही इतकी वर्षं या अंकाला धरून आहात, म्हणून हक्काने मागतो: पुढच्या खेपेला घराण्याचा इतिहास पाठवाल तेव्हा घरातली जुनी खर्चाची वही, वाटणीपत्रं, कोर्टाचे कागद आधी काढा. त्यात जी नावं सापडतील ती वंशावळीत घाला. आम्ही ती छापू.